दिब्रिटोंचे बायबल आणि वसईची माती

वसईच्या खाडीच्या दक्षिणेला उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही मिरा-भाईंदरमधली गावे आणि उत्तरेला वसईच्या बागायती वाड्या. पोर्तुगीज काळापासून दोन्ही तीरांवर ख्रिस्ती समाज आहे आणि मराठीच्याच बोली बोलत तो वाढला. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत हे दोन्ही तीर मुंबईच्या एकाच धर्मप्रांतात होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हे याच पट्ट्यातल्या नंदाखालचे. १९७२ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. बायबलचे अभ्यासक दिब्रिटो आणि ‘हरित वसई’ आंदोलनाचे दिब्रिटो अशी त्यांच्या आयुष्याची दोन खाती नेहमी मांडली जातात. ही विभागणी मला मान्य नाही. बायबल ते ज्या रीतीने वाचत आणि शिकवत, त्यातूनच त्यांचे आंदोलन उभे राहिले.

मराठीत बायबल आधीच असताना दिब्रिटोंनी मराठीत आणलेले ‘सुबोध बायबल’ कशाला, असा आक्षेप घेता येईल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. पण प्रत्येक पिढीचा वाचक निराळा असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यानंतर ती लोकभाषेत आली. मराठीत प्रार्थना करणाऱ्या या समाजाला आजच्या मराठीतला ग्रंथ हवा होता आणि ख्रिस्तेतर वाचकालाही तो परका वाटायला नको होता. राजहंससारख्या सर्वसाधारण वाचकांच्या प्रकाशनाने तो काढला आणि २०१३ साली साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करतानाही दिब्रिटोंनी त्याला चर्चच्या आवाराबाहेर काढून समाजाच्या प्रश्नांशी जोडले होते.

दुसरा आक्षेप असा, की धर्मगुरूने वेदीपाशीच थांबावे, जमिनीच्या भांडणात पडू नये. याचे उत्तर बायबलच्या जुन्या करारातच आहे. नाबोथ आपला वडिलोपार्जित द्राक्षमळा विकायला नकार देतो, म्हणून त्याच्यावर खोटा आळ घालून त्याला ठार केले जाते. राजा अहाब त्या मळ्याचा ताबा घ्यायला जातो, तेव्हा संदेष्टा एलिया त्याला तिथेच अडवून जाब विचारतो. घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटणाऱ्यांना यशया शाप देतो. १९९० च्या सुमारास वसईत जमिनी बळकावल्या जात होत्या आणि विहिरींचे पाणी टँकरने उपसले जात होते. हरित वसई संरक्षण समितीतून दिब्रिटो याविरुद्ध उभे राहिले, ते गुंडांच्या दहशतीला न जुमानता आणि सर्वधर्मीय वसईकरांना सोबत घेऊन. अशा वेळी गप्प राहून एलियाची कथा शिकवणे हा त्या कथेशी अप्रामाणिकपणा झाला असता.

तिसरा आक्षेप सर्वांत कडवा आहे: मिशनरी म्हणजे धर्मांतर. उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या (जानेवारी २०२०) अध्यक्षपदी ते निवडले गेले, तेव्हा काही संघटनांनी याच मुद्द्यावरून विरोध केला. मिशनरी कार्याच्या इतिहासातली जबरदस्ती झाकण्याचे कारण नाही; गोव्यात देवळे पाडली गेली, हे खरेच आहे. मात्र माणसाचा न्याय त्याच्या स्वतःच्या कामावरून व्हायला हवा. दिब्रिटोंचे काम उघड्यावर आहे. जमीन आणि पाणी वाचवताना त्यांनी कोणाचा धर्म विचारला नाही. लिहिले ते मराठीत, सर्वांसाठी.

जमीन वाचवण्याचा हाच प्रश्न आज खाडीच्या दक्षिण तीरावर उभा आहे. उत्तनच्या डोंगरावर शहराचा कचरा साठतो आहे, डोंगरीतली झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी पणाला लागली आहेत. शहराला कचऱ्याची सोय हवी आणि मेट्रोही हवी, यात शंका नाही. पण त्यांची किंमत प्रत्येक वेळी याच गावांनी का मोजावी, हे कोणीतरी विचारले पाहिजे. धर्मगुरू असोत वा शिक्षक, ग्रंथ शिकवणाऱ्याने हा प्रश्न टाळला, तर त्याचे शिकवणे अर्धवटच राहील. दिब्रिटोंच्या आयुष्याचा खरा धडा मला हाच वाटतो.