भिंतीपलीकडचं वाय-फाय!

या वीकेंडला गावी जाताय? मग बाकरवडीच्या पुड्यासोबत एक छोटा बॉक्सही न्या. घरच्या जुन्या पीसीला वायरलेस कार्ड बसवणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप सोपं आहे!

पुण्याहून रात्रीची एसटी, मांजरसुंब्याला चहा आणि पहाटे केज. बीड जिल्ह्यातून येऊन पुण्याच्या क्युबिकलमध्ये स्थिरावलेल्या कित्येकांना हा रूट पाठ असतो. या वेळी माझ्या सॅकमध्ये तळहाताएवढं एक कार्ड होतं. कारण, धाकट्या बहिणीचा फोन, ‘दादा, कॅप राउंडचा फॉर्म भरायचाय. पण कॅफेत नाही हं भरणार!’

तिचं बरोबरच होतं. आमच्या चुलतभावाचा पसंतीक्रम कॅफेत घाईघाईत उलटसुलट भरला गेला आणि बिचाऱ्याला नको ती ब्रँच मिळाली. मोबाइलवर कॉलेजांची भलीमोठी यादी खाली-वर करणं म्हणजे डोक्याला ताप. घरी फायबर आलंय, पण राउटर बैठकीत आणि माझा कॉलेजच्या काळातला पीसी आतल्या खोलीत. मध्ये हातभर जाडीची दगडी भिंत. तिला भोक पाडायला आण्णा तयार नाहीत!

मग काय, स्क्रू-ड्रायव्हर काढला. पीसी बंद केला, वायर बोर्डातून उपसली आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. कोरड्या हवेत हे विसरू नका. मागची पत्र्याची पट्टी काढली, कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या छोट्या स्लॉटवर सरळ ठेवून दाबलं, स्क्रू आवळला. ब्लूटूथची बारीक वायर मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांना जोडली. ‘आरं, खोलून बसलास खरं, पण चालू होईल ना?’ दारातून आण्णा.

झाला चालू! पण खरी गंमत पुढेच. कार्डाचा ड्रायव्हर सीडीवर आणि पीसीचा सीडी ड्राइव्ह कधीच मेलेला. ड्रायव्हर डाउनलोड करायचा तर नेट हवं, नेट हवं तर ड्रायव्हर हवा! उपाय खिशातच होता. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं आणि पाच मिनिटांत काम फत्ते.

तरी सिग्नल एकच कांडी. कारण मी हौसेने ५ गिगाहर्ट्झचा बँड निवडला होता. तो वेगवान खरा, पण जाड भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झ हळू, पण चिवट. (हाच पट्टा केंद्र सरकारने २००५ मध्ये कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. म्हणून तर आज घरोघरी राउटर बिनधास्त चालतात.) बँड बदलला, अँटेना कॅबिनेटच्या मागून काढून वायरवरच्या स्टँडने टेबलावर आणला आणि कांड्या भरल्या.

रात्री बहिणीने स्वतः फॉर्म भरला. तीनदा तपासला. मी डोकावलो, तर पहिल्या नंबरवर पुणं नाही, छत्रपती संभाजीनगर!

‘अगं, पुणं का नाही?’

‘सगळ्यांनीच पुण्याला जायचं का, दादा? आईकडं शनिवार-रविवार येता यायला हवं.’

मी गप्प. कन्फर्मचं बटण तिनेच दाबलं.

निघण्यापूर्वी चेक करा!

• घरच्यांकडून मदरबोर्डचा फोटो मागवा. पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड जुन्या, लांब पीसीआय स्लॉटमध्ये बसत नाही. मोठ्या एक्स्प्रेस स्लॉटमध्ये मात्र चालतं.

• स्लॉटच नसेल, तर यूएसबी अडॅप्टर घ्या. कॅबिनेट उघडायची गरजच नाही.

• ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या. तो तुमच्या विंडोजवर चालतो ना, हे बॉक्सवर वाचा.

• घर जाडजूड भिंतींचं असेल, तर फक्त ५ गिगाहर्ट्झवर विसंबू नका. दोन्ही बँडचं कार्ड घ्या.