परतीचे तासही कामी लावा
गिटारवर हात जलद चालण्यासाठी

तेलगावातील एका ओळखीच्या घरी कापसाच्या पैशांतून मुलाला इलेक्ट्रिक गिटार घेतली. लग्नसराईत बँजो पार्टीबरोबर वाजवून चार पैसे मिळवावेत, अशी त्याची इच्छा. पण सुरावट जलद झाली की हात अडखळे. वडील म्हणाले, "साहेब, पैसे पाण्यात गेले का?" गेलेले नाहीत. मुलाची डाव्या हाताची बोटे चांगली पडतात. खोट उजव्या हातात आहे आणि ती शेतकऱ्याला चटकन कळण्यासारखी आहे.

वखराची पाळी घालताना आपण बांधापाशी वळतो आणि परतीचे तासही घेतो. औत उचलून रिकामे मागे आणत नाही. हा मुलगा मात्र नखीने प्रत्येक स्वर वरून खालीच छेडत होता. दर स्वरामागे एक फेरी फुकट! खाली-वर, खाली-वर असे आळीपाळीने छेडले, की तेवढ्याच हालचालीत दोन स्वर निघतात. सतारवादक हेच 'दा रा, दा रा' म्हणून वर्षानुवर्षे घोटतात. वरातीतल्या कळांच्या बँजोलाही हाच नियम. त्याचे मूळ वाद्य तायशोगोतो हे जपानात नागोया येथे मोरिता गोरो यांनी १९१२ साली केले, ही गंमत जाता जाता सांगतो.

आता पाठ घ्या. सर्वांत जाड, म्हणजे सहाव्या तारेवर तिसऱ्या, पाचव्या व सातव्या पडद्यावर सा रे ग. पाचव्या तारेवर त्याच पडद्यांवर म प ध. चौथ्या तारेवर चौथ्या, पाचव्या व सातव्या पडद्यावर नी सा रे. पहिला सा खाली छेडा आणि पुढे फेरा मोडू नका.

गोम तार बदलताना आहे. एका तारेवर तीन स्वर असल्याने ग खाली येतो आणि म वर छेडावा लागतो. नखी तेव्हा पाचव्या तारेच्या अलीकडे असते, तिला ती तार ओलांडून पलीकडे जाऊन परतायचे असते. सवयीने हात पुन्हा खालीच मारतो आणि लय तुटते. म्हणून ग-म, ग-म एवढाच सांधा रोज पाच मिनिटे घोटावा. तसाच ध-नी. सगळी सुरावट शंभरदा वाजवण्यापेक्षा याचा गुण लवकर येतो, असे माझे मत आहे.

मग त्याच वाटेने परत या. वरचा रे दोनदा न घेता खालच्या सा वर पोचलात, की नखी खालच्या दिशेनेच पडली पाहिजे. वर गेली तर वाटेत कुठेतरी फेरा मोडला आहे.

सुरुवातीला भिंतीवरच्या घड्याळाच्या एका टिकीला दोनच स्वर घ्या. सगळे सारख्या जोराचे आले, की मोबाईलवरचा मेट्रोनोम लावून ६० वरून ६५, मग ७० करा. नखीचे टोकच तारेला लागू द्या, हात मनगटातून हलवा. दुखू लागले तर त्या दिवशी थांबा, जोर करू नका.

लाईट गेली तरी हा सराव थांबत नाही. भरीव लाकडाची गिटार विजेविना अगदी हळू वाजते, शेजारीही झोपू शकतात. शिवाय अँप्लिफायरच्या घरघरत्या आवाजात झाकली जाणारी खोट अशा वेळी स्पष्ट ऐकू येते.

अँप्लिफायर लावण्यापूर्वी मात्र घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. गिटारच्या तारा त्या यंत्राच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. ते नादुरुस्त असेल तर मोटारच्या स्टार्टरसारखा इथेही झटका बसू शकतो. तीन पिनांच्या प्लगची मोठी पीन कापून काम भागवू नका.