वाळीत टाकलेला संत

थॉमस कँटिलूप वारला तेव्हा त्याच्याच आर्चबिशपने त्याला चर्चबाहेर काढलेलं होतं. तारीख २५ ऑगस्ट १२८२, ठिकाण इटलीतल्या माँटेफियास्कोनेजवळचं. वेल्सच्या सीमेला खेटून असलेल्या हेरफर्डचा हा इंग्लिश बिशप आपल्या वरिष्ठाविरुद्ध, कँटरबरीचा आर्चबिशप जॉन पेकम याच्याविरुद्ध, दाद मागायला पोपच्या दरबारी गेला होता. निकाल लागायच्या आत तो आजारी पडला आणि गेला. त्यानंतर अडतीस वर्षांनी, १७ एप्रिल १३२० रोजी, पोप बाविसावा जॉन याने त्याच माणसाला संत म्हणून जाहीर केलं.

वाळीत टाकलेला माणूस संतपदाला पोहोचतो कसा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण त्याचं उत्तर थॉमसच्या आयुष्यात फारसं सापडत नाही. ते सापडतं त्याच्या कबरीपाशी, आणि नंतर एका चौकशीच्या दप्तरात.

आयुष्य तसं बड्या घरच्या पोराचं. जन्म १२१८ च्या सुमाराचा, बकिंगहॅमशायरमधल्या हॅम्बल्डनचा. बाप राजा तिसऱ्या हेन्रीचा कारभारी, काका वूस्टरचा बिशप. शिक्षण ऑक्सफर्ड, पॅरिस, ऑर्लेआं. पुढे तो ऑक्सफर्ड विद्यापीठाचा कुलपती झाला. सायमन दे माँफर्टने राजाविरुद्ध बंड करून सत्ता हाती घेतली तेव्हा, १२६५ मध्ये, काही महिने इंग्लंडचा चॅन्सलरही झाला. ईव्हशॅमच्या लढाईत माँफर्ट पडला आणि हे पदही गेलं. चर्चमधली अनेक उत्पन्नाची पदं तो एकाच वेळी सांभाळून होता, अर्थात पोपची रीतसर परवानगी काढून. १२७५ मध्ये स्वतः बिशप झाल्यावर मात्र परवानगीशिवाय असं करणाऱ्या पाद्र्यांच्या तो हात धुऊन मागे लागला. नियम म्हणजे नियम, असा त्याचा खाक्या.

अंगात केसाळ, टोचणारा सदरा घालून देहाला शिक्षा करणारा हा माणूस कोर्टकज्ज्यात मात्र कुणाला हार जाणारा नव्हता. ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट दे क्लेअर म्हणजे त्या काळचा इंग्लंडमधला बलाढ्य सरदार. मॅल्व्हर्नच्या डोंगरात शिकारीचा हक्क कुणाचा, यावरून थॉमसने त्याला कोर्टात खेचलं आणि दावा जिंकला. पुढे अर्लने डोंगरमाथ्यावर हद्द दाखवणारा लांबलचक चर खणला. त्याच्या खुणा आजही दिसतात. मग पेकमशी वाजलं. धर्मप्रांताच्या कारभारात आर्चबिशपने किती हात घालायचा, हा मुद्दा. प्रकरण वाढत जाऊन १२८२ मध्ये पेकमने त्याला बहिष्कृत केलं.

एक गोष्ट इथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती झालेल्या एका ज्यू सरदाराला नाण्यांच्या खटल्यात ख्रिश्चनांवर अधिकार मिळणार, हे कळल्यावर थॉमसने राजासमोर डोळ्यांत पाणी आणून राजीनाम्याची धमकी दिली होती. त्याला संत ठरवण्यासाठी जी चौकशी झाली, तिच्यात हा प्रसंग साक्षीदारांनी त्याचा सद्गुण म्हणून सांगितला. ज्या समाजाने त्याला संत म्हटलं, त्या समाजाचं चित्रही या एका साक्षीत उमटलेलं आहे.

तर, इटलीत देह पडला. ऑगस्टच्या उन्हात तो इंग्लंडपर्यंत नेणं अशक्य. तेव्हा परमुलखात मेलेल्या बड्या माणसांचं करत तेच केलं: देह उकळून मांस हाडांपासून सोडवलं. मांस ऑर्व्हिएटोजवळच्या सान सेव्हेरो मठात पुरलं, हृदय कॉर्नवॉलच्या अर्लकडे गेलं आणि हाडं हेरफर्डला आली. ती पुरायलाही पेकमची हरकत होतीच. थॉमस मरण्यापूर्वी दोषमुक्त झाला होता, असा पोपच्या दरबाराचा दाखला दाखवावा लागला.

हेरफर्डला त्याच्या जागी बिशप म्हणून आला रिचर्ड स्विनफिल्ड, त्याच्याच हाताखाली वाढलेला. या स्विनफिल्डने पुढची सारी वर्षं एक ध्यास घेतला: आपल्या धन्याला संत करायचं. ३ एप्रिल १२८७ रोजी, पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, त्याने थॉमसची हाडं कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या भागात नव्या संगमरवरी कबरीत हलवली. त्याच सुमाराला एक वेड लागलेली बाई तिथे बरी झाल्याचा बोभाटा झाला, आणि मग रीघ लागली. पुढच्या पंचवीस वर्षांत चारशेहून अधिक चमत्कारांची नोंद झाली.

लोक काय करत, ते बघण्यासारखं आहे. आजारी माणसाला सुताने डोक्यापासून पायापर्यंत मोजायचं. त्या सुताची वात करून मेणबत्ती वळायची आणि संताच्या कबरीवर लावायची. सूत माणसाच्या उंचीचं, म्हणून मेणबत्तीत तो माणूसच आला. कबर लांब असेल, रात्र झाली असेल, तर चांदीची पेनी घेऊन ती रोग्याच्या अंगावर धरून वाकवायची. वाकवलेलं नाणं आता संताचं. बरं वाटलं की ते हेरफर्डला पोहोचवायचं. एवढा सुटसुटीत नवस, वेल्समधल्या कुठल्याही झोपडीत बोलता येणारा. हेरफर्डपासून कितीतरी मैल दूर असलेल्या माणसांनाही थॉमस पावत होता, तो या सुतामुळे आणि या पेनीमुळे.

२९ ऑगस्ट १३०७ रोजी पोपने नेमलेले चौकशी अधिकारी कबरीपाशी आले आणि त्यांनी तिथल्या वस्तूंची यादी करायला लावली. ती यादी वाचताना आपण कॅथेड्रलमध्ये आहोत की बाजारात, असं वाटतं. चांदीची १७० जहाजं आणि मेणाची ४१. माणसांच्या किंवा अवयवांच्या १२९ चांदीच्या प्रतिमा आणि १४२४ मेणाच्या. मेणाचे डोळे, दात, कान, स्तन तर मोजायचेच सोडून दिले. प्राण्यापक्ष्यांच्या ७७ आकृती. पांगळ्यांनी टाकून दिलेल्या १०८ कुबड्या. लाकडी गाडे तीन, मेणाचा एक. रात्री घालायचे ९७ झगे. अंगठ्या, ब्रूच, जरीची वस्त्रं. शिवाय भाले, बाण, तलवारी, सुऱ्या, म्हणजे ज्यांच्या जखमेतून माणूस वाचला ती हत्यारं. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं आणि बाळं मांडलेली दुकानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तीच चाल आहे, कॅथलिक चर्चमध्ये शतकानुशतकं चालत आलेली.

पण लोकांनी मानलं म्हणजे संत झाला, असे दिवस तोवर सरले होते. सुरुवातीच्या शतकांत गावाने मानलं, बिशपने मान डोलावली, की काम झालं. पोपने रीतसर संत ठरवलेला पहिला माणूस म्हणून आउग्सबुर्गचा बिशप उलरिख याचं नाव घेतात, साल ९९३. तेराव्या शतकात पोप नववा ग्रेगरी याच्या कायदेसंग्रहाने हा अधिकार पोपचाच असं पक्कं केलं. त्यानंतर संतपद म्हणजे खटला झाला: अर्ज, वकील, साक्षी, उलटतपासणी आणि भरपूर खर्च. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि संत झाले १८६२ मध्ये. गोव्याच्या जोसेफ वाझ यांना २०१५ मध्ये संतपद देताना पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल केली, ती अटही याच परंपरेतली.

थॉमसच्या चौकशीसाठी तिघे नेमले होते: लंडनचा बिशप, फ्रान्समधल्या मांदचा बिशप आणि पोपचा एक करवसुली अधिकारी. पहिला प्रश्न अर्थातच तो मेला तेव्हा बहिष्कृत होता का, हा. त्यातून तो सुटला. मग जुलै १३०७ मध्ये लंडनला आणि नंतर नोव्हेंबरपर्यंत हेरफर्डला साक्षी झाल्या. प्रत्येक चमत्काराला ठरलेले प्रश्न: तुला हे कसं माहीत? कोणता दिवस, कोणती जागा, कोण कोण हजर होतं? कोणत्या शब्दांत प्रार्थना केली? झाडपाला, खडे, औषध वापरलं का? मंत्रतंत्र, लबाडी? मला यातला संशय आवडतो. विश्वास ठेवायला आलेली माणसं आधी अविश्वासाचे प्रश्न विचारत होती.

या साक्षींमधली सगळ्यात विलक्षण साक्ष विल्यम क्राख नावाच्या वेल्श बंडखोराची. १२९० च्या नोव्हेंबरात स्वॉन्झीला त्याला फाशी दिलं होतं. आरोप तेरा खुनांचा. नातेवाइकांनी त्याच्या जिवासाठी शंभर गाई देऊ केल्या, पण तिथला जहागीरदार विल्यम दे ब्रिऊझ बधला नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर क्राख आणि त्याचा एक साथीदार लटकवले गेले. मधेच फाशीची आडवी तुळई मोडली आणि दोघे खाली पडले. क्राखला परत लटकवलं. शेवटी खाली उतरवून गावातल्या एका घरात टाकला. जहागीरदाराचा मुलगा तिथे बघायला गेला होता. सतरा वर्षांनी त्याने जे सांगितलं ते अंगावर येतं: चेहरा काळाठिक्कर, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, खोबणीत रक्त साकळलेलं, जीभ बोटभर बाहेर लोंबणारी, काळी आणि सुजलेली.

जहागीरदाराची बायको लेडी मेरी हिने क्राखसाठी नवऱ्याकडे आधी रदबदली केली होती. आता तिने थॉमसला साकडं घातलं. तिच्या दासीने प्रेताला सुताने मोजलं. थोड्या वेळाने पाय हलला, मग जीभ. काही दिवसांत माणूस उठून बसला. पुढे तो गळ्यात फाशीचा दोर अडकवून हेरफर्डला पायी गेला. बरोबर कोण? त्याला फाशी देणारा जहागीरदार आणि त्याची बायको!

१३०७ मध्ये लेडी मेरी आणि तिचा सावत्र मुलगा फ्रेंचमध्ये बोलले, त्यांचा पाद्री लॅटिनमध्ये. क्राख स्वतः आला तेव्हा तो वेल्शशिवाय काही बोलेना, म्हणून दोन फ्रान्सिस्कन साधूंना दुभाषे म्हणून बसवलं. त्याने सांगितलं की पांढऱ्या वस्त्रातल्या एका बिशपने आपल्याला खालून आधार दिला. शिवाय आपण थॉमसला आधीपासून मानत होतो आणि त्याच्या नावाची वाकवलेली पेनी फाशीच्या वेळी कमरेला होती, हेही. साक्षींमधली सालं आणि तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. सतरा वर्षांपूर्वीचं एवढं भयंकर काही आठवताना जुळलं असतं, तर मला उलट शंका आली असती.

आणखीही होत्या गोष्टी. कॉनवीच्या किल्ल्यातल्या स्वयंपाक्याचं दोन वर्षांचं पोर खंदकात पडलं. तपास अधिकारी पंचनामा करत असतानाच एकाने पेनी वाकवली आणि पोर जिवंत झालं. मार्डनच्या तळ्यात एक पाच वर्षांची मुलगी बुडाली आणि वाचली. पुढे मोठी होऊन तिने स्वतः साक्ष दिली. ही माणसं कुठल्याच इतिहासात आली नसती. स्वयंपाकी, दासी, तुरुंगातला वेल्श बंडखोर यांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले, ते एका बिशपला संत करायचा खटला उभा राहिला म्हणून.

पोपच्या दरबारात अडतीस चमत्कार पुढे ठेवले गेले. त्यांपैकी सव्वीस मान्य झाले आणि बारा फेटाळले गेले. फेटाळलेल्यांत क्राखही होता. वकिलाच्या नजरेने पाहिलं तर त्यात नवल नाही: तुळई मोडलेली, साक्षीदार एकाच घरातले, तपशिलात फरक. पण थॉमस संत झाला, आणि स्विनफिल्ड तो दिवस बघायला उरला नाही. तो १३१७ मध्येच वारला होता.

पुढचा इतिहास थोडक्यात. १३४९ मध्ये, प्लेगने इंग्लंड उजाड होत असताना, राजा तिसरा एडवर्ड याच्या उपस्थितीत थॉमसची हाडं नव्या, अधिक भपकेदार समाधीत हलवली. दोन शतकांनी आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडभरच्या समाध्यांबरोबर तीही उद्ध्वस्त झाली. काही अवशेष कॅथलिक कुटुंबांनी लपवून जपले. डाउनसाइडच्या बेनेडिक्टाइन मठाकडे त्याची कवटी आली. गंमत म्हणजे भपकेदार समाधी गेली आणि १२८७ ची जुनी कबर उरली. तिच्या पायथ्याशी कोरलेले चौदा शूर सरदार आजही जागेवर आहेत.

हेरफर्डला बहुतेक पर्यटक जातात ते १३०० च्या सुमाराचा जगाचा प्रसिद्ध नकाशा बघायला. एका वासराच्या कातड्यावरचा हा नकाशा पूर्व वर धरून काढला आहे, त्यामुळे आपला हिंदुस्थान त्यात वरच्या अंगाला दिसतो. थॉमसच्या यात्रेकरूंनी बघावा म्हणूनच तो कबरीजवळ टांगला असावा, असं काही अभ्यासक मानतात. तुम्ही कधी गेलात तर नकाशा बघून लगेच बाहेर पडू नका. कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या भागात ती कबर आहे, आणि तिच्याभोवती बोललेल्या माणसांच्या साक्षी व्हॅटिकनच्या ग्रंथालयात लॅटिन हस्तलिखित क्रमांक ४०१५ मध्ये आहेत, फेटाळलेल्या क्राखसकट.