ओटीपोटातल्या दुखण्याचा पत्ता

“कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं.” स्त्रीरोगाच्या ओपीडीत बऱ्याच जणी एवढंच सांगून थांबतात. संबंधांनंतर ओटीपोटात दुखतं, हे ओठांवर येतच नाही. तपासणीला दिशा मिळते ती मात्र त्याच तपशिलातून: कुठे दुखतं, कधी सुरू होतं, किती वेळ राहतं.

संबंधाच्या वेळी आत खोलवर टोचतं, नंतर कित्येक तास ठणकतं, पाळीत तर उभं राहवत नाही, शौचाला बसतानाही कळ येते. असं असेल तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यायलाच हवी. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर रुजतात. पुष्कळदा गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत. तिथे दाह होतो, जखमेच्या वणासारखे पापुद्रे धरतात आणि एरवी सहज हलणारं गर्भाशय जखडतं. मग आतला प्रत्येक धक्का त्या दुखऱ्या जागेलाच बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या १९ कोटी मुली-स्त्रियांना हा आजार आहे. साधी सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून तो नाही, असं होत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते स्नायूंकडे. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून तोलणारी स्नायूंची एक झोळी असते. एकदा दुखलं की पुढच्या वेळी ती आधीच आवळून घेते, आणि आवळल्यामुळे आणखी दुखतं. पाच मिनिटं मूठ घट्ट धरून पाहा, हात कसा भरून येतो! अशा बाईला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणणं हा अन्याय आहे. तिला हे स्नायू सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी लागते.

क्लॅमिडिया, गोनोरियासारख्या संसर्गात दुखण्यासोबत ताप किंवा वास येणारा स्राव असू शकतो. उपचार लांबले तर गर्भनलिका बंद होण्याचा धोका असतो. अंडाशयातली गाठ, फायब्रॉइड, मूत्राशयाचा दाह हीही कारणं आहेत. पाळी गेल्यावर किंवा बाळ अंगावर पीत असताना इस्ट्रोजेन घटून कोरडेपणा येतो. तेव्हा दुखतं ते बहुधा योनीच्या तोंडाशी.

एका बाजूला अचानक असह्य कळ, चक्कर, त्यात पाळी चुकलेली असेल, तर सकाळची वाट पाहू नये. गाठ फुटलेली किंवा गर्भ नलिकेत राहिलेला असू शकतो.

एरवी भिंतीवरचं कालनिर्णय कामी येतं. दुधाच्या खाड्याशेजारी पाळीच्या तारखेला गोल असतोच. दुखलं त्या दिवशी फुली करावी आणि किती तास दुखलं तो आकडा लिहावा. दोन-तीन महिन्यांची ती पानं टेबलावर ठेवली, की डॉक्टरांशी बोलणं कंबरदुखीपाशी अडत नाही.