अख्खा टर्की, अंगणातील गॅस ग्रिल आणि ७४ अंश

नोव्हेंबर महिन्याचा चौथा गुरुवार म्हणजे अमेरिकेतील 'थँक्सगिव्हिंग'. अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये या दिवसाची राष्ट्रीय घोषणा केली आणि १९४१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्याने चौथा गुरुवार निश्चित केला. या दिवशी पंगतीच्या मधोमध असतो तो अख्खा भाजलेला टर्की. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांवरही केव्हा ना केव्हा यजमानपदाची वेळ येते आणि कोंबडीचे तुकडे करून रस्सा करण्यात मुरलेला हात पाच-सहा किलोचा पक्षी पाहून थबकतो. घरातील ओव्हन अन्य पदार्थांनी अडलेला असल्याने अनेक जण अंगणातील गॅस ग्रिलचा आधार घेतात. मात्र येथे अंदाजाने काम भागत नाही. बाहेरून खरपूस आणि आतून कच्चा राहिलेला पक्षी म्हणजे साल्मोनेलासारख्या जिवाणूंना आमंत्रणच.

हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. परंतु त्याची नावे मात्र जगभर फिरलेली. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्की भाषेत तो 'हिंदी' म्हणजे हिंदुस्थानचा, तर पोर्तुगीजांसाठी 'पेरू'. आपल्या फळाशी या पेरूचा संबंध नाही! गोव्याशी मात्र आहे. १६१२ मध्ये मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून जे दुर्मीळ प्राणी जहांगीर बादशहासाठी नेले, त्यांत टर्की होता. दरबारी चित्रकार मन्सूर याने रंगविलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

तयारी शनिवारपासूनच

अमेरिकेतील बाजारात टर्की बहुधा गोठविलेला मिळतो. तेथील कृषी खात्याच्या सूचनेनुसार फ्रिजमध्ये दर चार ते पाच पौंडांना, म्हणजे सुमारे दोन किलोंना, २४ तास या हिशेबाने तो वितळू द्यावा लागतो. बारा पौंडांच्या (सुमारे साडेपाच किलो) पक्ष्याला तीन दिवस लागतात. म्हणून गुरुवारच्या जेवणासाठी तो शनिवारी सकाळीच फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट थाळीत ठेवणे इष्ट. ओट्यावर ठेवून वितळविणे धोक्याचे. कारण आतला बर्फ शिल्लक असतानाच बाहेरचे मांस ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात येते आणि याच पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात.

आपल्याकडे मांस धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाही. तेथील खाते मात्र कच्चा पक्षी न धुण्याचा सल्ला देते. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओटा, भांडी आणि शेजारच्या कोशिंबिरीपर्यंत पोहोचतात. आतील जिवाणू मरतात ते आचेने, पाण्याने नव्हे. पोटात ठेवलेली काळीज-पेठ्याची पुडी आठवणीने काढून पक्षी कागदाने टिपून कोरडा करावा. मंगळवारी रात्री त्याला सर्वांगाला मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडा ठेवला, तर मीठ आत मुरते, मांस रस धरून ठेवते आणि कातडी कोरडी होऊन पुढे कुरकुरीत होते. पक्ष्यात आधीच मिठाचे पाणी भरले असल्याचे वेष्टनावर लिहिले असेल, तर ही पायरी गाळावी.

आले-लसणाचे वाटण लावायचे असल्यास ते लोण्यात कालवून कातडीच्या आत सरकवावे. वरून लावलेला लसूण तीन तासांत करपून कडू होतो. पोटात सारण भरू नये. ग्रिलवर ते सुरक्षित तापमानाला पोहोचण्यास फार वेळ लागतो. ते वेगळे शिजवावे.

आच बाजूने, खालून नव्हे

ग्रिलवर टर्की फसतो तो थेट ज्वाळेमुळे. पक्ष्याच्या खालीच बर्नर पेटता असला, की गळणारी चरबी पेट घेते, कातडी काळी पडते आणि हाडालगतचे मांस कच्चेच राहते. यावर उपाय म्हणजे एका बाजूचे बर्नर पेटवायचे आणि पक्षी दुसऱ्या, विझलेल्या बाजूला ठेवायचा. झाकण बंद केले, की आत फिरणारी गरम हवा पक्ष्याला चोहोबाजूंनी भाजते. ग्रिलचा जणू ओव्हनच होतो. पक्ष्याखाली पाणी घातलेली थाळी ठेवली, तर गळणारी चरबी तिच्यात पडते.

आतील तापमान १६५ ते १७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखावे. प्रत्येक वेळी झाकण उघडले, की ते घसरते आणि वेळ लांबतो. म्हणून निम्म्या वेळी एकदाच उघडून पक्ष्याची दिशा बदलावी, जेणेकरून दोन्ही मांड्यांना सारखी आच लागेल. सोळा पौंडांहून मोठा पक्षी ग्रिलसाठी घेऊ नये.

हिशेब पौंडामागे १५ ते १८ मिनिटांचा. बारा पौंडांना तीन ते साडेतीन तास. चार वाजता पंगत असेल, तर पक्षी साडेअकराला ग्रिलवर चढायला हवा. थंडी-वाऱ्याच्या दिवशी आणखी थोडा वेळ हाताशी असावा. गॅसचे सिलिंडर भरलेले आहे ना, हेही आदल्या दिवशीच पाहावे.

रंगावर विसंबू नका

घड्याळ केवळ अंदाज देते. निकाल देतो तो तापमापक. मांडीचा सर्वांत आतला भाग, पंखाचा सांधा आणि छातीचा सर्वांत जाड भाग, या तिन्ही ठिकाणी हाडाला न टेकवता सुई खुपसावी. सर्वत्र ७४ अंश सेल्सिअस (१६५ फॅरनहाइट) दिसले, की पक्षी सुरक्षित. मांसाचा गुलाबी रंग ही कच्चेपणाची खूण नव्हे. धुरामुळे शिजलेले मांसही गुलाबी दिसू शकते आणि कच्चे मांस कधी पांढरे भासते. छातीचे मांस लवकर शिजते व कोरडे पडते, मांडीला अधिक आच लागते. म्हणून मांडीची बाजू पेटत्या बर्नरकडे असावी. उतरविल्यावर २० ते ३० मिनिटे थांबूनच कापावे, म्हणजे रस ताटात सांडत नाही.

ग्रिल नेहमी उघड्यावर, भिंत आणि छतापासून दूर असावा. गॅरेजमध्ये किंवा घरात तो पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. या वायूला रंग नसतो आणि वासही. पेटविताना झाकण उघडे ठेवावे, अन्यथा साठलेल्या गॅसचा भडका उडतो.

जेवणानंतर गप्पा रंगतात आणि उरलेला टर्की टेबलावरच राहतो. दोन तासांच्या आत मांस हाडांवरून सोडवून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. शुक्रवारी त्याचाच झणझणीत रस्सा करण्यास मराठी घराला कोणाच्या सूचनेची गरज पडू नये; मात्र तोही खळखळून उकळलेला हवा.