विझलेल्या तबकडीचा तपास

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील कुक अँड केल्वी कंपनीचे जे घड्याळ पाहण्यासाठी दर तासाला प्रेक्षकांची दाटी होते आणि ज्यातील दाढीवाला पुतळा बाहेर येऊन इमानेइतबारे टोले देतो, त्याला अंधाराची फिकीर कधीच नव्हती. भरल्या दिवाणखान्यात, झुंबरांच्या उजेडात पाहिले जावे एवढ्यासाठीच त्याची घडण झाली. मनगटी घड्याळाचे प्राक्तन निराळे. पहिल्या महायुद्धातील खंदकांत, जेथे काडी ओढणे म्हणजे शत्रूच्या बंदुकीला आपला ठावठिकाणा कळविणे होते, तेथे वेळ अंधारातच वाचणे भाग होते, आणि या निकडीपायीच काट्यांवर व आकड्यांवर रेडियमयुक्त रंगाचा लेप देण्याची प्रथा सार्वत्रिक झाली. क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध 1898 साली लावला. त्यानंतर वीस वर्षे उलटण्यापूर्वीच ते प्रयोगशाळेतून शिपायाच्या मनगटावर जाऊन बसले.

या लेपातील रेडियम स्वतः तबकडी उजळीत नाही. त्यातून सुटणारे अल्फा कण ज्यावर आदळतात ते झिंक सल्फाइड, ज्यात तांब्याचा किंचित अंश मिसळलेला असतो, तेच हिरवट प्रकाश देते. आणि हा मारा अहोरात्र सोसता सोसता त्याच्या स्फटिकांची रचना ढासळून दहा-वीस वर्षांत ते निस्तेज होते. रेडियमचे अर्धे आयुष्य मात्र सुमारे 1600 वर्षांचे. म्हणजे शंभर वर्षे जुन्या तबकडीतील रेडियमपैकी शेकडा चार भागच काय तो सरला. उरलेला सारा, दिसत नसला तरी, जागच्या जागी आहे.

हैदराबादेत 1892 च्या घड्याळमनोऱ्याखाली, महबूब चौकात, किंवा गुरुवारी भरणाऱ्या जुम्मेरात बाजारात जुने वेस्ट एंड ‘सोवार’ नाहीतर फावर ल्यूबा मनगटी घड्याळ हाती लागते, आणि हौशी गिऱ्हाईक तसेच घड्याळजीकडे जाऊन म्हणते, ‘काटे चमकत नाहीत, जरा रेडियम भरून द्या.’ मागणी साधी, पण तिच्यात मूळचा प्रश्न राहून जातो. नवा उजेड घालण्याआधी जुना कशाचा होता याची खातरजमा व्हावयास हवी. गंमत अशी, की युरेनियमच्या शोधासाठी देश धुंडाळणाऱ्या अणुखनिज निदेशालयाचे मुख्य दप्तर याच शहरात, अणुइंधन संकुल याच शहरात, आणि किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रे घडविणारे, 1967 साली स्थापन झालेले इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनही याच शहरात. तरी चौकातल्या मेजावर ज्याची सर्वांत अधिक गरज असावी तो गायगर मापक बहुधा नसतोच.

ओळखीच्या खुणा तशा अवघड नाहीत. तबकडीच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली, ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंस रोमन ‘टी’ अक्षर असेल तर तो लेप ट्रिटियम या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याचा, म्हणजे साधारणतः 1960 च्या दशकापासूनचा. ट्रिटियमचे अर्धे आयुष्य बारा वर्षांहून किंचित अधिक असल्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या घड्याळात त्याचा तिसावा हिस्सा जेमतेम उरतो, आणि त्याचे बीटा कण इतके दुबळे की काचही ओलांडीत नाहीत. रेडियम मात्र काचेआडूनही गायगर मापकाला बोलके करते. त्याची आणखी एक साक्ष मला फार बोलकी वाटते: घड्याळ वर्षानुवर्षे बंद पडून राहिले असेल, तर ज्या ठिकाणी काटे थांबले होते तेथे तबकडीवर त्यांची तपकिरी सावली भाजल्यासारखी उमटलेली असते, आणि काटे हलविले तरी ती तेथून हलत नाही.

अशी सावली दिसली, की घड्याळजीने झाकण मिटून घड्याळ परत करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुना लेप ठिसूळ होतो. सुईचा स्पर्श होताच त्याची भुकटी उडते, आणि शरीरात गेलेले रेडियम कॅल्शियमच्या वाटेने हाडांत जाऊन मुक्काम करते. न्यू जर्सीतील ऑरेंज गावच्या कारखान्यात कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करीत आकडे रंगविणाऱ्या तरुणींच्या जबड्यांची हाडे कुजून गेली. त्यांचा दावा 1928 साली तडजोडीने मिटला, आणि त्याच वर्षी त्या रंगाचा जनक सबिन फॉन सोखोकी स्वतःही त्याच किरणांना बळी पडला. रेडियमचा लेप काढण्याचे काम बंदिस्त पेटी, हवा शोषणारी यंत्रणा आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीची रीतसर तजवीज असलेल्या ठिकाणचे आहे.

ट्रिटियमच्या बाबतीतही भुकटी श्वासात जाऊ न देण्याची खबरदारी घेऊनच, पण निश्चिंत मनाने, हुन्नर दाखविता येतो. तबकडीवर पातळ प्लास्टिकचा तुकडा अंथरून काटे उचलावयाचे, पालथे ठेवावयाचे, आणि पोकळ खाचेतला मेलेला लेप कोरडा न खरवडता ओला करून काढावयाचा. नवा लेप स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा. नेमोतो या जपानी कंपनीने 1993 मध्ये आणलेल्या या चूर्णात किरणोत्सर्ग मुळीच नाही, ते दिवसाचा उजेड साठवून रात्री परत देते. पाण्याने ते बिघडते, म्हणून ते लाखेसारख्या रोगणात, मधाइतके दाट होईतो, कालवतात. भरड चूर्ण अधिक प्रकाशते पण पसरत नाही. बारीक चूर्ण पसरते पण मंद राहते. येथे कारागिराची निवड दिसते. मग तेल सोडण्याच्या सुईच्या टोकावर एक थेंब घेऊन तो काट्याच्या पाठीमागून, खाचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकाच ओढीत न्यावयाचा: द्रवाचा पृष्ठताणच त्याचा पडदा धरून ठेवतो, आणि हात मध्ये थबकला की तो पडदा फाटतो. वाळताना लेप खचतो, म्हणून दुसरा हात द्यावा लागतो. पण तो जाड झाला तर तासकाटा व मिनिटकाटा एकमेकांस घासून घड्याळच अडते, आणि मालकाला वाटते, यंत्रात बिघाड झाला.

तबकडीला मात्र शक्यतो हात लावू नये. आपल्या बाजारात ‘रिडायल’ या नावाखाली जुनी तबकडी घासून, नव्याने छापून, तिच्यावर झगझगीत हिरवे ठिपके देण्याचा जो धंदा बोकाळला आहे, त्याने अस्सल वस्तूंची जेवढी नासाडी केली तेवढी गंजानेही केली नसेल. जाणता संग्राहक अशा घड्याळास निम्मी किंमतही देत नाही. काट्यांचा नवा लेप तबकडीच्या पिवळसर आकड्यांशी जुळावा म्हणून त्यात तपकिरी रंगद्रव्य मिसळणे मला गैर वाटत नाही, मात्र ते पावतीवर नमूद असावे. अन्यथा पुढच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती दुरुस्ती नव्हे, बनावट दस्तऐवज ठरते.

राहिला प्रश्न रेडियमचे घड्याळ घरी असणाऱ्यांचा. काच शाबूत असलेले एखादे घड्याळ अधूनमधून मनगटावर बांधल्याने फारसे बिघडत नाही. तडकलेली काच मात्र तशीच ठेवू नये आणि कुतूहलापोटी ते घरी उघडू नये. रेडियममधून रेडॉन वायू सतत झिरपतो, तेव्हा अशी घड्याळे डझनाने जमविणाऱ्यांनी ती निजण्याच्या खोलीतील बंद कपाटात न ठेवता, वारा खेळता असेल अशा जागी ठेवावीत.