हा खेळ मुलाच्या हाती द्यावा काय?

किल्ला बांधून झाला, चकल्यांचा डबा तळाशी गेला, की दिवाळीच्या उरलेल्या सुट्टीत घरोघरी एकच मागणी ऐकू येते, ‘आई, तुझा फोन दे ना!’ आणि फोन ‘पोकेमॉन गो’साठी हवा असेल, तर चिरंजीवांचा युक्तिवाद मोठा बिनतोड असतो. ‘हा बसून खेळायचा खेळ नाहीच मुळी. यात चालावे लागते!’ आता यावर आईबापांनी काय म्हणावे?

मुलाचे म्हणणे खोटे नाही. खेळ फोनवरचा असला, तरी त्याचे पटांगण म्हणजे आपले सारे शहर. उपग्रहांच्या साहाय्याने फोनला आपला ठावठिकाणा कळतो आणि पडद्यावर आपल्याच गल्लीचा नकाशा उमटतो. चालू लागले की वाटेत काल्पनिक प्राणी भेटतात. कॅमेरा लावला तर त्यातलाच एखादा चक्क गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीपाशी बसलेला दिसतो! बोटाने चेंडू फेकून त्याला पकडायचे. शिवाय अंडी मिळतात. ती दोन, पाच, दहा किलोमीटर चालल्यावरच फुटतात. रिक्षातून अंतर कापले तर वेग ओळखून खेळ ते सहसा हिशेबात धरीत नाही. आहे की नाही मास्तर कडक?

या कल्पनेचे मूळही मनोरम आहे. सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थांना लहानपणी किडे गोळा करण्याचा भारी नाद. टोकियो शहर पसरत गेले, तळी आणि शेते बुजली, किडेही दिसेनासे झाले. तो हरवलेला आनंद शहरी मुलांना मिळावा म्हणून त्यांनी पोकेमॉन रचला आणि १९९६ साली तो निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या चिमुकल्या यंत्रावर आला. वीस वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, त्याच प्राण्यांनी मुलांना पुन्हा घराबाहेर काढले. भारतात हा खेळ अधिकृतपणे त्याच वर्षीच्या डिसेंबरात आला.

मात्र ‘व्यायाम होतो’ या मुद्द्यावर फार विसंबू नये. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या १८ ते ३५ वर्षांच्या खेळाडूंची पाहणी छापली. पहिल्या आठवड्यात त्यांची रोजची पावले सुमारे ९५५ने वाढली; सहाव्या आठवड्यात ती पूर्वपदावर आली. मोठ्यांची ही गत, तर मुलांच्या नव्याच्या नवलाईबद्दल काय बोलावे!

खरा प्रश्न रस्त्याचा आहे. आपल्याकडे फूटपाथ आहे तेथे फेरीवाला असतो आणि दोघेही नसतील तेथे उघडे गटार. मान खाली घालून चालणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला मागून येणारी बस कशी दिसणार? आणि धोका केवळ खेळणाऱ्यालाच असतो असेही नव्हे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जपानातल्या इचिनोमिया गावी रस्ता ओलांडणारा नऊ वर्षांचा एक मुलगा ट्रकखाली सापडून मरण पावला. खेळत तो नव्हता. खेळत होता ट्रकचा चालक. मुलाला स्कूटरवर मागे बसवून सिग्नलला पोकेमॉन धुंडाळणाऱ्या वडिलांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट अनोळखी माणसांची. खेळातल्या ठरावीक थांब्यांवर आमिष लावून प्राणी ओढून आणता येतात आणि त्यांच्यामागून खेळाडूही येतात. म्हणूनच न्यूयॉर्क राज्याने ऑगस्ट २०१६ मध्ये पॅरोलवर सुटलेल्या लैंगिक गुन्हेगारांना या खेळाची मनाई केली. लहान मुलांसाठी पालकांच्या संमतीने उघडायचे वेगळे खाते असते. ते उघडण्याचा आळस करू नये. खेळ फुकट असला तरी त्यातली नाणी खऱ्या पैशांनी विकत मिळतात. तेव्हा पैसे देण्याचा गुप्त क्रमांक मुलाला मुळीच सांगू नये.

मग द्यावा की न द्यावा? माझे मत विचाराल तर, दहा वर्षांच्या आतल्या मुलाला एकट्याने खेळायला मुळीच देऊ नये. आईचे किंवा बाबांचे बोट धरून मात्र खुशाल द्यावा. फोन मोठ्यांच्या हाती, प्राणी दिसला की थांबायचे, कडेला व्हायचे आणि मगच फोन मुलाकडे द्यायचा. बागेत, मैदानात, वाहने नसलेल्या जागी. देवळात आणि स्मारकांत नको. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला २०१६ साली पाहुण्यांना तशी विनंती करावी लागली होती, आणि आपल्याकडे देवळांत अंडी दिसतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात अर्ज झाला होता. बाराच्या पुढचे मूल रस्ता नीट ओलांडते का, हे आधी फोनशिवाय पाहावे. चार दिवस त्याला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाठवून पाहिले की उत्तर मिळते.

अंतर मोजण्यासाठी खेळ सतत उघडा ठेवावा लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०१८पासून तशी सोय आहे. फोन खिशात असला तरी चाललेले किलोमीटर जमा होतात आणि अंडे घरी आल्यावर सोफ्यावर बसून फोडता येते.